चार पूर्णांक तीन तारे, पण कोणत्या पुस्तकाला?

वाचनप्रेमींच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा, की वृत्तपत्रांतल्या परीक्षणांचे दिवस आता संपले. ऑनलाइन पुस्तकदुकानांत हजारो सामान्य वाचक मोकळेपणाने मत नोंदवतात, त्यांच्या ताऱ्यांची सरासरी हाच पुस्तकाचा खरा निकाल असतो, खोटे अभिप्राय दुकान स्वतःच काढून टाकते आणि ज्याचा अभिप्राय नाकारला जातो त्याने काहीतरी नियमबाह्य लिहिलेले असते. मी अनेक वर्षे पुस्तके ऑनलाइन विकत घेते, हे अभिप्राय वाचते आणि लिहितेही. सामान्य वाचकाच्या मताविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच या मजकुरातली विधाने तपासून पाहावीशी वाटली.

पहिले विधान सरासरीचे. अॅमेझॉनवर दिसणारा ताऱ्यांचा आकडा ही साधी सरासरी नसते, हे कंपनी स्वतःच सांगते. अभिप्राय किती ताजा आहे, तो देणाऱ्याने वस्तू तिथूनच विकत घेतली आहे का, अशा बाबी लक्षात घेऊन संगणकीय प्रणाली तो आकडा ठरवते, मात्र कोणत्या बाबीला किती वजन दिले हे वाचकाला कळत नाही. शिवाय २०१९ पासून तिथे एक अक्षरही न लिहिता नुसते तारे देता येतात, त्यामुळे त्या आकड्यामागचे कारण शोधू पाहणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा काहीच लागत नाही. पुस्तक मुळात तेच लोक घेतात ज्यांना ते आवडण्याची शक्यता वाटते, आणि त्यांतलेही लिहायला बसतात ते प्रामुख्याने भारावलेले किंवा चिडलेले. ‘ठीक होते’ म्हणणारा पुस्तक मिटतो आणि कामाला लागतो. अशा मानांकनांचा आलेख बहुधा दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये खोलगट निघतो, आणि तशा आलेखाची सरासरी नेमकी त्या जागी पडते जिथे फारसे कोणी मत दिलेलेच नसते.

काही अभिप्रायांवर दुकान ‘खरे ग्राहक’ असा शिक्का मारते, त्याबद्दल थोडक्यात सांगते. तो खरेदी सिद्ध करतो, वाचन नव्हे. ग्रंथालयातून पुस्तक आणून दोनदा वाचणाऱ्याला तो मिळत नाही, आणि खोके उघडताच पाच तारे देणाऱ्याला मिळतो.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे, आणि फिरणाऱ्या मजकुराने तिला स्पर्शही केलेला नाही. अभिप्राय कोणत्या पुस्तकाविषयी आहे, हेच अनेकदा कळत नाही. एखाद्या गाजलेल्या परकीय कादंबरीचे चार अनुवाद बाजारात असतात, एक संक्षिप्त आवृत्ती असते, एक ई-पुस्तक असते आणि स्वामित्वहक्क संपल्याचा फायदा घेऊन कोणीतरी घाईने छापलेली, मुद्रणदोषांनी भरलेली प्रतही असते. दुकान या सगळ्यांना एका शीर्षकाखाली आणते आणि त्यांचे अभिप्राय एकत्र ओतते. मग कोणी अनुवादाच्या प्रवाहीपणाची स्तुती करतो, कोणी बारीक टंकाला नावे ठेवतो, कोणी पोहोचवणाऱ्याने पुस्तक पावसात ठेवले म्हणून एक तारा देतो, आणि या सगळ्यांची बेरीज मी विकत घेऊ पाहत असलेल्या आवृत्तीच्या नावावर जमा होते. हे टाळता येत नाही असे मुळीच नाही. पुस्तकव्यवसायाने ही अडचण आयएसबीएन क्रमांकाने केव्हाच सोडवली आहे: प्रत्येक आवृत्तीला आणि प्रत्येक स्वरूपाला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि २००७ पासून तो तेरा अंकी आहे. पुस्तक पाठवताना दुकान तोच क्रमांक पाहून नेमकी प्रत काढते; अभिप्राय दाखवताना मात्र त्याला त्याची आठवण राहत नाही. एकत्र केलेला मोठा आकडा विक्रीला उपयोगी पडतो, याखेरीज मला याचे दुसरे कारण दिसत नाही.

आता नाकारलेल्या अभिप्रायाविषयी. अशाच एका पानावर मी लिहिले होते, की या अनुवादात मूळ पुस्तकातली दोन प्रकरणे गाळलेली असून प्रस्तावनेत त्याचा उल्लेख नाही. भाषा सौम्य होती, प्रकरणांचे क्रमांकही दिले होते. अभिप्राय नियमांत बसत नाही, एवढ्याच आशयाचे उत्तर आले. कोणता नियम, हे विचारल्यावर तेच उत्तर पुन्हा आले. त्याच पानावर ‘मुखपृष्ठ सुंदर, अजून वाचले नाही’ हा पाच ताऱ्यांचा अभिप्राय अद्याप सुखाने नांदतो आहे. हे केवळ माझ्याच वाट्याला आले असेही नाही. वाचक जिथे पुस्तकांवर अभिप्राय नोंदवतात त्या गुडरीड्स या संकेतस्थळाने २०१३ मध्ये लेखकांच्या वर्तनाविषयीचे अनेक अभिप्राय पूर्वसूचना न देता काढले आणि त्या पद्धतीबद्दल नंतर दिलगिरीही व्यक्त केली. म्हणजे अभिप्राय नाहीसा झाला एवढ्यावरून लिहिणाऱ्याचा दोष सिद्ध होत नाही.

खोटे अभिप्राय दुकान काढतेच, या विधानात अर्धे सत्य आहे. दुकाने ते काढतात, खटलेही भरतात. २०१५ मध्ये अॅमेझॉनने पैसे घेऊन अभिप्राय लिहिणाऱ्या हजाराहून अधिक जणांवर दावा दाखल केला होता. परंतु २००४ मध्ये याच कंपनीच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक चुकीने टोपणनावांमागची खरी नावे उघड झाली, तेव्हा काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची वाखाणणी करताना सापडले, आणि ते सापडले ते दुकानाच्या दक्षतेमुळे नव्हे, तर त्याच्या चुकीमुळे. २०१६ मध्ये फुकट वस्तूंच्या बदल्यातील अभिप्रायांवर कंपनीने निर्बंध आणले, पण परीक्षणासाठी आगाऊ प्रती देण्याची जुनी प्रथा म्हणून पुस्तकांना सवलत ठेवली. ही सवलत मला गैर वाटत नाही. फक्त ‘सगळे अभिप्राय स्वतःच्या पैशाने पुस्तक घेणाऱ्यांचे’ हा समज तिच्यापुढे टिकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेला खोट्या अभिप्रायांविरुद्ध २०२४ मध्ये स्वतंत्र नियम करावा लागला. दुकानांची साफसफाई पुरेशी असती, तर त्याची गरज पडली नसती.

राहिला वृत्तपत्री परीक्षणांचा प्रश्न. त्यांच्यात गटबाजी असते, मैत्रीखातर लिहिलेली स्तुती असते, हे मी नाकारत नाही. पण परीक्षणाखाली लिहिणाऱ्याचे नाव असते, आणि शेवटच्या चौकटीत पुस्तक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि मूल्य छापलेले असते. मला न मिळालेली माहिती त्या चौकटीत एका ओळीत मावते.