साहित्य: घरात सहज उपलब्ध

मुलांसाठी प्रकाशाचे प्रयोग सांगणारं कुठलंही पुस्तक उघडा, एक ओळ ठरलेली असते: 'साहित्य: घरात सहज उपलब्ध.' ही ओळ लिहिणारा माणूस एकत्र कुटुंबात राहत नसणार. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सहज उपलब्ध असं काहीही नाही. प्रत्येक वस्तूला मालक आहे आणि तो बहुधा घरातच असतो.

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान सुटतं. यंदा चिरंजीवांच्या वाट्याला 'प्रकाश' आला. म्हणजे माझ्या. नवरा "सोपंय गं" म्हणाला आणि ऑफिसला गेला.

सुरुवात दुधापासून. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात दुधाचे थेंब, एका अंगाने टॉर्च. आडवं पाहिलं की पाणी निळसर, टॉर्चच्या समोरून पाहिलं की उजेड नारिंगी. निळा प्रकाश जास्त विखुरतो, तांबडा त्यामानाने सरळ निघून येतो. आकाश निळं आणि मावळतीचा सूर्य लाल का, याचं उत्तर एका ग्लासात. पण थेंब मोजून टाकणं चिरंजीवांच्या स्वभावात नाही. आमच्या ग्लासात थेट ढगाळ हवामान झालं आणि आई, म्हणजे सासूबाई, पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "विरजण आता कशाला लावू?"

मग इंद्रधनुष्य. न्यूटनकडे लोलक होता, आमच्याकडे लग्नाची सीडी. तिच्यावर माहितीचं वेटोळं असतं, दोन वेढ्यांत अंतर अवघं १.६ मायक्रोमीटर, त्यावरून परतताना पांढरा उजेड रंगांत फुटतो. ती लावून बघायचं यंत्र कधीच भंगारात गेलंय. गॅलरीतल्या उन्हात धरली तर छतावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा उमटला. "चला, लग्नात रंग होते म्हणायचे," नवरा म्हणाला. रात्री कारल्याची भाजी केली.

खरा प्रयोग रविवारी सकाळी झाला. रस्त्याकडच्या खोलीची खिडकी काळ्या कार्डपेपरने झाकली, उत्तरायणाला पतंगांसाठी आणलेल्या गुंदरपट्टीने फटी बुजवल्या, दाराच्या फटीला आईंची सतरंजी लावली (परवानगीचा मुद्दा नंतर निघाला) आणि कागदाला मध्यभागी टिकलीएवढं भोक पाडलं. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण फिसकटतं, बारीक केलं तर रेखीव होतं पण अंधुक. पहिली पाच-दहा मिनिटं काहीच दिसत नाही, डोळे सरावावे लागतात. तेवढ्या वेळात चिरंजीवांनी "झालं का?" हा प्रश्न किती वेळा विचारला ते मुलं असलेल्यांना सांगायला नको.

आणि मग समोरच्या भिंतीवर अख्खा दांडिया बाजार उलटा लटकला! आकाश खाली, रस्ता छताशी, त्यावरून चाकं वर करून रिक्षा चाललेल्या. उजेड सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा किरण भोकातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो; डावं-उजवंही पालटतं. आम्ही सगळे मान वाकडी करून बघत होतो. दादासाहेब फाळके याच बडोद्यात कलाभवनात शिकले नि इथे फोटोग्राफीत रमले, हे अण्णा, म्हणजे सासरे, प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. म्हटलं, अण्णा हवे होते आता. पण ते नेहमीप्रमाणे सुरसागर तलावाला फेऱ्या मारायला गेले होते. डॉक्टरांनी सांगितलंय, साखर वाढलीय.

"हे कोण?" आईंनी भिंतीवर बोट ठेवलं.

समोरच्या फरसाणवाल्याच्या टपरीशी एक आकृती. चपला वर, पांढरी टोपी खाली. डाव्या हातात कागद, उजवा हात तोंडाकडे जातोय, परत येतोय, परत जातोय.

"फाफडा असेल," नवऱ्याने बापाची बाजू घेतली.

"फाफडा असा टपकत नाही," आई म्हणाल्या. त्यांचा मोतीबिंदू मागच्याच वर्षी काढलाय.

अण्णा घरी आले, त्यांना खोलीत नेऊन भिंत दाखवली. न्यायमंदिरातल्या कोर्टात त्यांनी जन्मभर कारकुनी केली. दोन मिनिटं बघून शांतपणे म्हणाले, "साक्षीदार उलटा, डावं-उजवं पालटलेलं, उजेड अपुरा. असला पुरावा कोर्टात टिकत नाही." आईंनी त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला लागलेला पाक नखाने खरवडून दाखवला. तो मात्र सुलटा होता.

शाळेने कळवलं, प्रयोग उचलून आणता येईल असाच हवा. खोली उचलता येत नाही, म्हणून बुटांच्या खोक्याला सुईने भोक पाडून आणि दुसऱ्या टोकाला बटर पेपर लावून छोटा पिनहोल कॅमेरा दिला. खोकं अण्णांनी मागायच्या आत काढून दिलं, नव्या बुटांसकट.

खिडकीवरचा काळा कागद मात्र आई काढू देत नाहीत. रोज नऊ वाजता मटाराच्या शेंगा घेऊन त्या अंधारात सोलायला बसतात. अण्णा आता रावपुऱ्याकडे फिरायला जातात. त्या बाजूला आमच्या घराला खिडकी नाही.