दादा, जर्मनीचा दाखला देऊ नकोस

आमच्या चुलत भावंडांच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच वाद चाललाय, पौराणिक सिनेमात दिग्दर्शकाने मूळ कथेतलं काहीही बदलता कामा नये म्हणून, आणि परवा दादाने लिहिलं की "जर्मन लोक बघ, आपल्या महाकाव्याला कसं जपतात, तू तिथे राहून काही शिकली नाहीस." हे मात्र मला लागलं. मी चौदा वर्षं जर्मनीत मानहाइमला आहे, नीबेलुंगांचं, म्हणजे त्याच महाकाव्यातल्या वीरांचं, वोर्म्स शहर इथून जवळच, कुणीही भेटायला आलं की ऱ्हाईन नदीकाठचा, काव्यातल्या नायकाला मारणाऱ्या हागेनचा पुतळा दाखवायला मीच नेते.

तर दादा, त्यांनी काय जपलं ते ऐक. नीबेलुंगनलीड हे साधारण १२०० सालचं काव्य, कवी कोण ते माहीत नाही. त्यावर फ्रिट्झ लांगने १९२४ मध्ये दोन भागांचा मूकपट काढला, पटकथा त्याची बायको टेआ फॉन हार्बूची, आणि दोघांनी हवे तसे बदल केले. काव्यात नायक जीगफ्रीडने ड्रॅगन मारल्याचं हागेन दोन ओळीत सांगून मोकळा होतो, सिनेमात आत माणसं बसवून अख्खं धूड चालवलंय. काव्यात लग्नाच्या रात्री ब्रुनहिल्ड नवऱ्याला, म्हणजे राजा गुंथरला, बांधून खिळ्याला टांगते, ते सिनेमात नाहीच, उलट ती जीगफ्रीडच्या शवापाशी जीव देते, जे काव्यात नाही. यावरून भावना दुखावल्या म्हणून इथे आज कुणी रस्त्यावर येत नाही.

आणि मिरवायचं म्हणशील तर तेही करून झालंय. सिनेमाच्या सुरुवातीलाच 'जर्मन जनतेला अर्पण' अशी पाटी आहे. १९३३ मध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने आदर्श सिनेमे म्हणून जी नावं घेतली त्यात हा होता, आणि त्याच वर्षी लांग देश सोडून गेला. पुढे स्टालिनग्राडला जर्मन सैनिक वेढ्यात अडकलेले असताना दुसरा नाझी नेता गोरिंगने जानेवारी १९४३ च्या भाषणात त्यांची तुलना कशाशी केली, तर जळत्या महालात शेवटपर्यंत लढणाऱ्या नीबेलुंगांशी. दुसऱ्या भागात तो महाल जळताना बघ एकदा, जीगफ्रीडची विधवा, गुंथरची बहीण क्रीमहिल्ड त्याच्या खुनाचा सूड घेत नुसती उभी आहे, चेहऱ्यावर काही हलत नाही, आत तिचा सख्खा भाऊ. हे बघून कुणाला अभिमान कसा वाटू शकतो हे मला खरंच कळत नाही.

गेल्या महिन्यात इथल्या छोट्या किनोत दोन्ही भाग लागले होते, साडेचार तासांच्या वर, रविवारी, पियानो लाइव्ह. आधी वीस मिनिटं एक बाई हेच सगळं सांगत होत्या, पाटीचं, गोबेल्सचं, आणि लोक कोट मांडीवर घेऊन शांतपणे ऐकत होते. आपल्याकडे सिनेमाआधी असं कुणी बोललं असतं तर दादा, तूच पहिला उठून गेला असतास.

बोलता बोलता बाई म्हणाल्या की लांगपासून वेगळी झाल्यावर हार्बूने एका भारतीय पत्रकाराशी गुपचूप लग्न केलं, आयी तेंडुलकर. मी ताठ बसले. आयी तेंडुलकर बेळगावकडचे, आणि माझं आजोळ बेळगाव. मध्यंतरात शेजारच्या आजींना सांगितलंच मी, की तो माणूस आमच्याकडचा, माझ्या आईच्या गावाकडचा. त्या "आख झो", म्हणजे "अच्छा", म्हणाल्या आणि कॉफी घ्यायला गेल्या. मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या भागाची पहिली दहा मिनिटं मी पडद्याकडे बघितलंच नाही.

घरी येताना एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, डोक्यात आलं, ही हार्बू पुढे नाझी पक्षात गेलेली, तेही त्या बाईंनी सांगितलेलं, आणि मी तिच्याशी आपलं नातं जोडायला धावले. चौदा वर्षांत कुणी या देशाच्या गोष्टीत आमच्याकडचं नाव घेतलं नव्हतं, एकदा घेतलं तर बाकी काही ऐकूच आलं नाही. दादा, तुझं मत मला आजही चूक वाटतं, पण ते कुठून येतं हे त्या रात्री मला कळलं.

आईला फोन केला. सिनेमाचं काही सांगितलं नाही, फक्त तेंडुलकरांचं. ती म्हणाली, "कुणापैकी गं ते?" आणि मग आम्ही तासभर बेळगावचंच बोलत बसलो.