काका, परड्यात जळतं ते कुठल्या हिशेबात धरायचं?

नमस्कार काका. सत्तरी ओलांडल्याचं तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून काका म्हणते; राग नसावा. ‘शहरातला कचरा येतो कुठून’ या माझ्या लेखावर तुमची हरकत थोडक्यात अशी: कोकणातली घरं कचरा करतच नाहीत, सगळं परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, जिरतं. घाण करतात पर्यटक. ओला-सुका कचरा वेगळा करणं हे शहरी थोतांड, आणि मी मुंबई-पुण्याची फूटपट्टी लावून आपल्याच माणसांना बोल लावते.

पर्यटकांचं आधी मान्य करून टाकते. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या अखेरीस किनाऱ्यावर जे साचतं ते आमच्या वाडीतलं नव्हे. पण त्यातही सगळे पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवतात. बाटलीला भाव आहे, भंगारवाला ती उचलतो. खरा वैताग शहाळ्यांचा. पाणी पिऊन झालं की मागे उरतं ते किलो-दीड किलोचं धूड. म्हणायला ओला कचरा, पण खड्ड्यात घातलं तर महिनोन्‌महिने कुजत नाही, आणि पहिल्या पावसात त्यात पाणी साचून डासांची सोय होते.

आता परडं. माझ्या आजीच्या तोंडी ‘कचरा’ फारसा नसायचाच, ‘केर’ असायचा. केर म्हणजे अंगणातली धूळ आणि पातेरा, म्हणजे गळलेला पाला. नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत, मासळी धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात, फणसाची सालं गुरांपुढे. तुम्ही सांगता ते घर हे आहे, आणि ते खोटं नाही. परडं अजून तेच आहे, त्यात जाणारा माल बदलला. गेल्या रविवारी मी आमच्याच परड्यातला राखेचा ढीग काठीने उकरला. दुधाच्या पिशव्या वितळून झालेला काळा गोळा, औषधांच्या पट्ट्यांचा चांदीसारखा चुरा, रबरी चपलेचा पट्टा, आणि अर्धवट जळलेलं डायपर. (ते शेजारचं असावं असं आमच्या घरात एकमताने ठरलं. शेजारी नेमकं उलट म्हणतात.) यातलं एकही पर्यटकाने आणून टाकलेलं नाही.

‘आमचा माणशी कचरा कमीच’ असं तुम्ही आकड्यानिशी म्हणता. बरोबर, लहान शहरांत दिवसाला माणशी साधारण 200 ते 300 ग्रॅम धरतात आणि महानगरांत त्याच्या दुप्पट. पण गावोगावचे आकडे बहुतेक वेळा घंटागाडीतून आलेल्या मालाच्या वजनावरून काढतात. जे व्हाळात (ओढ्यात) गेलं, परड्यात पेटलं, ते काट्यावर चढतच नाही. गोळा झालेला कचरा हा तयार झालेल्या कचऱ्यापेक्षा बहुधा कमीच भरणार. उलटही होतं म्हणा. जुलैत उघड्या गाडीतून भिजलेला माल काट्यावर गेला की पावसाचंही वजन होतं.

आणि घरांच्या पाडकामाचं काय? जुनं घर पाडलं की चांगले चिरे आणि वासे विकले जातात. उरलेलं प्लास्टर, फुटकी कौलं, लाद्यांचे तुकडे रातोरात व्हाळाच्या कडेला. बांधकामाच्या राड्यारोड्यासाठी 2016 साली नियमच वेगळे केले, त्यामुळे तो घरगुती कचऱ्याच्या बेरजेत येत नाही. मासळी बाजारामागचं थर्माकोल आणि बंदरावर पडलेली फाटकी नायलॉनची जाळी मी अजून धरलेलीच नाहीत.

उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. आमच्या वाडीत कुणी भरल्याचं ऐकिवात नाही, आम्हीसुद्धा नाही.

राहिलं थोतांड. त्यासाठी पुण्याला जायला नको, वेंगुर्ल्याला जा. तिथे नगरपरिषदेने डम्पिंगच्या जागेचं रूप पालटलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, सुक्याचे कितीतरी प्रकार हाताने वेगळे केले. हे जमतं ते घरातून निघतानाच ओलं-सुकं वेगळं असतं म्हणून. मासळीच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा कुठलाही भंगारवाला घेत नाही.

शहाळ्यांचा मुद्दा मूळ लेखात राहून गेला होता, तो आज रात्री घालते, श्रेय तुमचं. तुमच्या खताच्या खड्ड्यात झावळ्या कशा जिरवता तेवढं मात्र कळवा. आमच्याकडे शेवटी त्याच उरतात, आणि त्यांच्यापायीच काडी ओढली जाते.