प्रतिक्रियेला उत्तर : बावळट म्हणायची एवढी काय घाई?

अनामिक महाशय, स्टीड बॉनेट या अठराव्या शतकातल्या समुद्री चाच्यावर मी लेख लिहिला होता, त्यात त्याला साधा माणूस म्हटलं होतं. त्याखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप उडाली. आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. स्टीड बॉनेटला मी व्यापारी म्हटलं ते चुकलं, तो कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावरचा मळेवाला, ४०० एकरांवर जमीन वारशाने आलेली. लेखात दुरुस्ती केलीये. झालं समाधान?

आता तुमचं ते वाक्य. 'चाच्यांना पगार देणारा माणूस साधा नसतो काका, बावळट असतो.' मुद्दा मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण ही काय भाषा? हो, दिला पगार. १७१७ मध्ये त्याने पदरच्या पैशाने गलबत घेतलं, 'रिव्हेंज' नाव ठेवलं, दहा तोफा चढवल्या आणि लुटीत वाटा ठरवायचा सोडून खलाशांना पगार लावला. चाच्यांमध्ये असली पद्धत नव्हती, हे मीच लेखात लिहिलंय, तुम्ही मलाच काय सांगताय! त्याला समुद्राचं ओ की ठो कळत नव्हतं. माणसं कामाला ठेवायची तर पगार द्यायचा, एवढं कळत होतं, ते त्याने केलं.

पुढे स्पॅनिश लढाऊ जहाजाशी गाठ पडली, जखमी होऊन नासाउला, म्हणजे बहामातल्या चाच्यांच्या अड्ड्यावर पोचला, तिथे ब्लॅकबिअर्ड हा नामचीन चाचा भेटला आणि गलबताचा ताबा त्याच्याकडे गेला. हा बिचारा झोपायच्या झग्यात डेकवर फिरायचा, पुस्तकं वाचायचा. १७१८ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरकडे माफी मागायला गेला, परत येऊन बघतो तर ब्लॅकबिअर्ड गलबतावरचा माल घेऊन पसार.

हे हसण्यासारखं वाटतं तुम्हाला. माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान होतं, भागीदारीत. आजोबांच्या दहाव्याला गावी गेले, परत आले तर गोदामात मांजरपाटाचे दोन तागे, बाकी सगळं भागीदाराने रातोरात हलवलेलं. आणि हमालांची मजुरी द्यायची राहिली होती ती बाबांनी आईची पाटली मोडून दिली. लोक त्यांनाही तुमचाच शब्द लावायचे, तोंडावर. तेव्हा विश्वास टाकणारा माणूस आतून कसा असतो हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. बॉनेटने निदान ब्लॅकबिअर्डचा पाठलाग तरी केला, सापडला नाही ते सोडा. बाबांनी तेही केलं नाही.

'मळ्यावर गुलाम फुकट राबवणारा चाच्यांना पगार देतो, यातली मेख तुम्हाला दिसलीच नाही' असंही लिहिलंय तुम्ही. ठीके, पण तेव्हाच्या बार्बाडोसमध्ये सगळेच मळेवाले गुलाम ठेवायचे, आणि माझा लेख त्यावर नव्हताच. त्यावर तुम्ही लिहा की, ब्लॉग काढायला पैसे पडत नाहीत.

बायकोला कंटाळून चाचा झाला हे जुन्या पुस्तकात आहे म्हणून लिहिलं. मी काही तिथे बघायला नव्हतो.

आणि १० डिसेंबर १७१८ ला साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स टाउनला त्याला फाशी दिलं, त्याआधी जिवाची भीक मागणारी पत्रं पाठवली, त्या परिच्छेदाखाली हसरी स्मायली टाकायची? टाका, ज्याची त्याची आवड.

बाय द वे, मी ४४ वर्षांचा आहे. काका कुणाला म्हणताय?