ओसोयूसची पातळी किती?

परदेशात जाणं आता अवघड राहिलेलं नाही. तिकीट पोरगं काढतं, व्हिसाचे कागद पोरगं भरतं, विमानात जेवण आयतं पुढ्यात येतं. अवघड आहे ते कोल्हापुरात परत येऊन रंकाळ्यावरच्या बाकाला सगळं सांगणं.

आमचा बाक सकाळी सहाला भरतो. फिरायला म्हणून घरातून निघालेली माणसं तिथं बसायला येतात. अध्यक्ष आप्पा. तरुणपणी तालमीतल्या लाल मातीत लोळलेले, आता गुडघे दुखतात, त्यामुळं डाव फक्त तोंडी टाकतात. दुसरा बंडू, म्हशी पाळतो आणि सगळ्यांना दूध घालतो. तिसरे एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना नाव आहे, पण सगळे त्यांना नुसतं 'खातं' म्हणतात.

"मग मास्तर, काय बघितलं कॅनडात?" आप्पांनी विचारलं.

"वाळवंट," मी म्हणालो.

बाक गप्प झाला. मग बंडू हळूच म्हणाला, "वाळवंट बघायला कॅनडा कशाला? जतला एस्टी जाती की."

इथून माझे हाल सुरू झाले. वास्तविक मी भूगोलाचा मास्तर. उभा जन्म पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवण्यात गेला. पण वर्गात पोरांना गप्प बसवता येतं. बाकाला येत नाही.

खरं सांगायचं तर कॅनडात वाळवंट आहे हे आमच्या गल्लीलाही मान्य नव्हतं. कॅनडा म्हणजे बर्फ, एवढा एकच धडा सगळ्यांना पाठ. त्यामुळं निघायच्या आधी शेजारपाजारच्यांनी घरी स्वेटर आणून टाकले. एका वहिनींनी तर काश्मीरच्या सहलीतली कानटोपी दिली, वर "नीट परत आणा" अशी ताकीद. आणि जुलैत लेकानं व्हँकुव्हरहून गाडी काढून चारेकशे किलोमीटरवर, पार अमेरिकेच्या हद्दीला चिकटून असलेल्या ज्या गावात आम्हाला उतरवलं, तिथं पारा चाळिशीकडं निघाला होता. डांबरावर चप्पल चिकटत होती. कानटोपी बॅगेतून बाहेर आलीच नाही.

त्या गावाचं नाव ओसोयूस. वस्ती साडेपाच हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडं ग्रामपंचायत. ओकानागन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला हे वसलंय. समुद्रावरून येणारे ढग कॅस्केडच्या डोंगरांवर आपली पोतडी रिकामी करतात आणि पलीकडं हात हलवत येतात. गगनबावड्याला जिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथं ओसोयूसला तीनशेच्या आसपास. टेकड्या पिवळ्याकरड्या, त्यांवर गुडघाभर राखाडी झुडपं. शास्त्रज्ञ म्हणतात हे खरं वाळवंट नव्हे, अर्धशुष्क झुडपाळ माळ आहे. गावाच्या पाट्या मात्र वाळवंटच म्हणतात. मी गावाच्या बाजूनं आहे. बोलावून आणलेल्या पाहुण्याला अर्धशुष्क माळ दाखवला तर पाहुणा चिडतो.

आणि या सगळ्याच्या मध्ये तळं. निळंशार, लांबलचक. देशातलं सगळ्यात कोमट गोड्या पाण्याचं तळं ते हेच, असं गाववाले छाती काढून सांगतात. आमच्या हिनं काठावर बसून पाय सोडले आणि पहिला प्रश्न केला, "भेळ कुठं मिळते?" भेळ नव्हती. कणीस नव्हतं. एवढा मोठा काठ आणि एक गाडा नाही. तिच्या लेखी ते तळं तिथंच नापास झालं. त्यात लेकानं सांगितलं की तळ्याचं दक्षिण टोक अमेरिकेत आहे. तिनं पाय वर घेतले. "आपल्याकडं तिकडचा व्हिसा नाही ना!"

लाकडी फळ्यांच्या वाटेवरून ते वाळवंट हिंडून बघता येतं. तिथं विषारी सापापासून सावध राहायची पाटी होती. शेपटी खुळखुळवणारा साप. हे बाकाला सांगितलं तेव्हा आप्पांना तो साप फार आवडला. "म्हंजे आधी सांगतोय, मग चावतोय? लई सरळ जनावर हाय की वो." बंडूचं मत पडलं की त्याला बत्तीस शिराळ्याला आणावं, कदर होईल.

गावाच्या पश्चिमेला, रस्त्यालगत, आणखी एक तळं आहे. त्यात मीठ म्हणजे नाना खनिजांचं, मॅग्नेशियमचं वगैरे. उन्हाळ्यात पाणी आटलं की वेगवेगळ्या रंगांचे गोल गोल डोह उरतात. सगळं मिळून तळं आप्प्यांच्या पात्रासारखं दिसतं. तिथल्या मूळ रहिवाशांचं, सिल्क्स लोकांचं ते पवित्र स्थान. २००१ साली त्यांनी ती जमीन परत मिळवली. भोवती कुंपण आहे, बघायचं ते रस्त्यावरून. हिनं गाडीतून उतरून हात जोडले. जवळ नारळ नव्हता याची रुखरुख तिला परतीच्या विमानापर्यंत होती.

फळबागांचं विचाराल तर पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी सरकारनं तिथं कालवा खोदला आणि माळावर चेरी, जर्दाळू, पीच पिकायला लागले. आता पुष्कळ बागा पंजाबी शेतकऱ्यांच्या आहेत. त्यांतल्या एका मावशींशी हिनं आपल्या कोल्हापुरी हिंदीत चेरीच्या भावावरून जी घासाघीस केली, ती ऐकून मला एकदम लक्ष्मीपुरीच्या बाजारात उभा असल्यासारखं वाटलं. भाव कमी झाला नाही. दोन मुठी जास्त मिळाल्या.

कालव्याचं ऐकून आप्पांनी राधानगरी धरणाचा आणि शाहू महाराजांचा विषय काढला. तो निघणारच होता. महाराजांनी पहिल्या महायुद्धाच्याही आधी काम काढलं, म्हणजे कॅनडाच्या पुढंच होतो आपण, असा ठराव झाला. मला वाटलं, सुटलो. पण बोलता बोलता मी एक वाक्य जास्त बोललो. "तळ्याचं पाणी खाली अमेरिकेत जातं, आणि तिथं त्यांनी एक धरण बांधलंय."

खातं इतका वेळ पेपर वाचत होतं. त्यानं पेपर खाली ठेवला.

"धरण खाली त्यांचं? आणि गाव वर यांचं?"

"हो."

"म्हणजे अलमट्टीच की ते!"

बाक ताडकन सरळ झाला. अलमट्टी म्हणजे खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, आमच्याकडं पूर आला की पहिलं बोट त्याच्याकडं जातं. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली, त्यात बंडूचा गोठा बुडालेला. अलमट्टीचा दोष नाही असा समितीचा अहवाल आला होता, पण अहवाल काही बाकावर येऊन बसत नाही. मी सांगितलं की धरणाचं नाव झोसेल, ते लहानसं आहे, नुसतं तळ्याची पातळी सांभाळायला. "लहानच असतंय आधी," खातं म्हणालं. "मग अलमट्टीसारखी उंची ५१९ ची ५२४ मीटर करायला निघतात."

पुढं मी आणखी सांगितलं, कारण आता कुणीतरी ऐकत होतं. खाली सिमिल्कमीन नावाची नदी येऊन मिळते. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून तिला पूर आला की तिचं पाणी उलटं वर तळ्यात शिरतं.

"फूग!" तिघं एकदम ओरडले. शेजारच्या बाकावरचे योगासनवाले डोळे उघडून बघायला लागले.

नरसोबाच्या वाडीला कृष्णेला फूग आली की पंचगंगा तटते, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. वीस मिनिटं मी पर्जन्यछाया समजावत होतो ते कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. फूग म्हटल्यावर ओसोयूस एकदम करवीर तालुक्यात आलं.

"पातळी किती असती?" आप्पा.

"उन्हाळ्यात ९११ फुटांच्या आसपास."

आप्पांचा चेहरा पडला. आपल्याकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका. "९११? मग ऱ्हायलंय काय गावात?" समुद्रसपाटीपासून मोजतात असं मी सांगितलं. ते त्यांना सारवासारव वाटलं.

"मग भांडणं किती वर्षं चाललीत?"

"फार नाहीत. १९०९ साली सरहद्दीवरच्या पाण्याचा करार झाला. १९४६ पासून दोन्ही देशांचं मिळून एक मंडळच या तळ्यावर आहे. ते बसून ठरवतात."

"मोर्चा न्हाई?"

"नाही."

"निवेदन?"

"ऐकलं नाही."

"मग करमतं कसं त्यांना?" बंडूनं मनापासून विचारलं.

खात्याचा मात्र या मंडळावर विश्वास बसला नाही. लक्ष ठेवलं पाहिजे, असं त्यानं बजावलं आणि लेकाचा नंबर मागितला. मी दिला. मी तिकडं त्या कोरड्या काठावर बसलेलो असताना हीच मंडळी मला रोज "राजाराम ३७ फूट, पाऊस चालू" असे निरोप धाडत होती, त्यामुळं नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आठवड्यानं लेकाचा फोन आला. "बाबा, तुमच्या मित्रांना काय सांगून ठेवलंय? मी राहतो चारशे किलोमीटर लांब आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना मेसेज येतो, 'लेव्हल कळवा'." मी म्हटलं, दुर्लक्ष कर. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "नाही, पाठवतोय मी. एका साइटवर दिसते."

परवा पातळी दोन इंचांनी वाढल्याचं त्यानं कळवलं. बाकावर निरोप वाचून झाला. आप्पा बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसले आणि मग मला म्हणाले, "पोराला विचारा मास्तर, जनावरं हलवली काय त्या लोकांनी?"