‘सगळं माहीत असतं हल्लीच्या मुलींना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एक पालक’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. पौगंडावस्थेत दिवस गेलेल्या मुलींना गर्भनिरोधकांची नावं ठाऊक असतात, पण ती वापरायची कशी आणि मागायची कुणाकडे हे ठाऊक नसतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मोबाइलच्या काळात अज्ञान ही सबब झाली, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणच सांगतं की ९९ टक्के लोकांना गर्भनिरोधकं माहीत आहेत, संस्कार कमी पडले म्हणून हे होतं, अशी माहिती दिली की मुलं बहकतात, कोवळ्या वयात गोळ्या-इंजेक्शनं घेतली तर पुढे मूल होत नाही, आणि अल्पवयीन मुलीला ही साधनं देणं म्हणजे पॉक्सोखाली, बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, गुन्हाच. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला मी काय सांगू, निरोध वापर म्हणून?’ उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे.

आधी ते ९९ टक्के. आकडा बरोबर आहे. पण तो मिळतो कसा हे पाहा. सर्वेक्षणात प्रत्येक साधनाचं नाव घेऊन, दोन शब्दांत ते काय असतं हे सांगून विचारतात, ‘याबद्दल कधी ऐकलंय का?’ एकाही साधनाला ‘हो’ म्हटलं की त्या बाईला ‘माहिती आहे’ असं धरलं जातं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेल्या देशात तिने ऐकलेलं नसेल तरच नवल. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या विवाहित मुलींपैकी कुठलंही साधन वापरणाऱ्या साधारण २८ टक्के आहेत. उरलेल्यांपैकी अनेकींना मूल हवंच असेल, हे मान्य. म्हणून दुसरा आकडा पाहू. एवढ्यात मूल नको किंवा आता नकोच, तरी साधन वापरत नाही, अशा विवाहित स्त्रिया देशात सरासरी ९.४ टक्के आहेत. या कोवळ्या वयोगटात हे प्रमाण जवळपास दुप्पट आहे.

ऐकण्यात आणि जाणण्यात काय फरक असतो ते ओपीडीत रोज दिसतं. माला-एन या सरकारी गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या, आणि रोज एक न चुकता घ्यायची असते. नवरा ट्रकवर असतो, म्हणून तो घरी आला त्याच दिवशी गोळी घेणाऱ्या मुली मी पाहिल्यात. गोळी ‘माहीत’ होती, ‘वापरात’ही होती, आणि दिवस गेले. ‘छाया’ ही दुसरी गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, हे गणित तिला एकदाच, तेही सासूच्या देखत, घाईत सांगितलेलं असतं. सगळ्यात घात करणारी समजूत बाळंतपणानंतरची. बाळ अंगावर पितंय आणि पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं ती धरून चालते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दिवसरात्र फक्त अंगावरच पीत असेल आणि पाळी खरोखर आलेली नसेल, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हे बऱ्यापैकी खरं आहे. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. पहिलं मूल रांगत असताना दुसऱ्यांदा नाव नोंदवायला येणारी अठरा वर्षांची मुलगी बेफिकीर नसते. तिला हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. (मोबाइलचं म्हणाल, तर घरातला स्मार्टफोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो.)

आता मुख्य मुद्दा. तुमच्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या कट्ट्यावरची मुलगी आहे असं तुमच्या एकेका वाक्यावरून वाटतं. माझा लेख जिच्याबद्दल होता तिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे. महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के त्या सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि त्या जवळजवळ सगळ्याच लग्न झालेल्या. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं त्या राज्यात २१.९ टक्के. परभणीत ४८, बीडमध्ये ४४ च्या आसपास. तेव्हा ‘संस्कार कमी पडले’ हे तुम्ही कुणाला म्हणताय? तिने आईबापांनी सांगितलं तिथे मान खाली घालून लग्न केलं.

बीडचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळ्या गाठी एकाच दोरीत सापडतात. ऊसतोडीला मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकट्या पोराचा अर्धा. शिवाय आईबाप पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर असताना वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती खरीच असते. मग दिवाळीच्या आधी लग्न उरकतं आणि सोळा-सतरा वर्षांची पोर फडावर मोळ्या बांधायला जाते. तिच्या आशाताई गावात, तिचं नाव गावच्या रजिस्टरात, गोळ्यांचा साठा गावच्या उपकेंद्रात. समजा निघण्याआधी तिने ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं. ते तीन महिन्यांचं. पुढचा डोस फार तर चार आठवडे उशिराने चालतो. म्हणजे तो हंगामाच्या ऐन मध्यात, सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) असताना येणार. कामाचा खाडा परवडत नाही, अनोळखी दवाखान्यात कोण विचारणार. तिथे एखाद्या सिस्टरने मनावर घेतलं तर सुई मिळते, एरवी नाही.

आणि हे सगळं तिला साधन वापरायचं आहे, आणि घरच्यांची ना नाही, असं गृहीत धरून. एरवी वर्ष सरायच्या आत ‘काही आहे का?’ ही विचारणा सुरू होते. पहिलटकरीण होऊन सुटेपर्यंत तिला सासरी जागा नसते. ‘नई पहल’ किट नवदांपत्याच्या हातात द्यायचं, अशी सरकारी योजना आहे, त्यात निरोधही असतो, गोळ्याही. ते उघडायचं की माळ्यावर टाकायचं हे ठरवणारी ती नसते. दोन मुलं झाली, त्यात एक मुलगा असला, की पंचविशीच्या आत-बाहेर तिचं ऑपरेशन. महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची अर्धा टक्काही नाही. पाळणा लांबवण्याचा पर्याय ज्या वयात हवा त्या वयात तो तिच्यापर्यंत पोचतच नाही, थेट पाळणा थांबवण्याचाच येतो.

पॉक्सोबद्दल. समुपदेशन करणं किंवा गर्भनिरोधक देणं त्या कायद्याने गुन्हा ठरवलेलं नाही. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयोगट येतो, आणि आपल्याकडच्या ‘मैत्री’ क्लिनिकांत निरोध-गोळ्या ठेवायच्या असतात त्या याच वयासाठी. अडचण आहे ती कळवण्याच्या सक्तीची. अठराच्या आतल्या मुलीचा शरीरसंबंध आला आहे हे समजलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवणं हा गुन्हा. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं स्पष्ट केलं. निकाल योग्यच होता. पण घरचे त्यातून धडा घेतात तो लपवण्याचा. सतराची मुलगी कागदावर एकोणीस होते, किंवा आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत दवाखान्याचं तोंडच पाहत नाही. रक्त कमी, बीपी वाढलेलं, आणि आम्ही तिला पहिल्यांदा पाहतो ते कळा सुरू झाल्यावर. सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली : अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, आणि तिने व तिच्या पालकांनी तशी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल डॉक्टरांपैकीही अनेकांना माहीत नाही, तिथे मुलीच्या आईला कुठून असणार?

मूल न होण्याची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती खूप घरांत आहे. गोळ्या बंद केल्या की बीज लवकरच पुन्हा सुटू लागतं. तांबी (कॉपर-टी) काढली की अडसर गेला. ‘अंतरा’नंतर दिवस राहायला काही महिने उशीर होतो, हे खरं, पण तो उशीरच असतो. अठराखालच्या मुलींना हे इंजेक्शन देताना हाडांच्या घनतेचा विचार करायचा असतो, म्हणून तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत थोडी सावधगिरी सांगितली आहे, मनाई नाही. गोळ्यांना केवळ वय कमी म्हणून हरकत नाही. सोळाव्या वर्षी येणाऱ्या बाळंतपणापेक्षा यातलं काहीही शरीराला सोपंच जातं.

माहितीने मुलं बहकतात का? युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र तपासून २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये सांगितलं की लैंगिकता शिक्षणामुळे संबंध लवकर सुरू होत नाहीत. आपल्याकडे २००७ मध्ये शाळांतल्या या शिक्षणाला विधिमंडळात विरोध झाला आणि ते थांबलं. तुमची भीती जुनीच आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा हेच म्हणत होते लोक. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ चा खटला डॉ. आंबेडकरांनी लढवला, आणि हरले. शंभर वर्षांत हे मोकळेपणाने शिकवायला आपल्याला जमलेलं नाही.

अविवाहित मुलींचा प्रश्न नाहीच, असं मी म्हणत नाही. त्या येतात, बहुधा उशिरा, आणि दुकानातून आणलेल्या कुठल्या तरी गोळ्या आधीच खाऊन. ७२ तासांच्या आतली गोळी आणि गर्भपाताची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्यांना माहीत नसतं. राहिलेला गर्भ पहिलीने पडत नाही. दुसरी डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेतली तर रक्तस्राव अंगावर बेततो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही तो टोमणा म्हणून विचारलात, मी सरळ उत्तर देते. पंधराव्या वर्षी तिला पाळीचं चक्र नीट समजावून सांगा, किंवा तिच्या आईला सांगायला सांगा : बीज कधी सुटतं, दिवस कसे राहतात. आपल्या संमतीशिवाय कुणी हात लावला तर गप्प बसायचं नाही, हे सांगा. निरोध काय असतो आणि त्याने गुप्तरोगही कसे टळतात, हे सांगा. चूक तिची असो वा नसो, काही झालं तर पहिल्या दिवशी तुमच्याकडे यायचं, तिसऱ्या महिन्यात नाही, हेही सांगा, आणि ती आली तर तेव्हा ओरडू नका. घरात मुलगा असेल तर हे सगळं त्यालाही सांगा. नसबंदीच्या त्या अर्ध्या टक्क्यासकट.