सुभेदार साहेब, 20 वर्षं लागतील हे खरंच आहे

सुभेदार साहेब, नमस्कार.

अवजड वाहतूक हेलिकॉप्टर आपण स्वतः घडवायला घ्यावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले जवान, म्हणून 26 वर्षं नोकरी केलीत. तुमचं म्हणणं असं, की पुण्यात बसून टनांचे हिशोब मांडणं सोपं आहे. नवं हेलिकॉप्टर यायला 20 वर्षं लागतील, तोवर पोरांनी पाठीवर ओझी वाहायची का? आणखी 15 चिनूक, म्हणजे अमेरिकी अवजड हेलिकॉप्टरं, घ्या आणि विषय संपवा.

20 वर्षांचा आकडा मला मान्य आहे. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचं काम 1984 मध्ये सुरू झालं, पहिलं उड्डाण 1992 मध्ये झालं आणि सेनादलांच्या हाती ते 2002 मध्ये पडलं. तेही साडेपाच टनांचं हेलिकॉप्टर. अमेरिकेच्या सीएच-53के या अवजड हेलिकॉप्टरचा करार 2006 चा, सेवेत यायला 2022 उजाडलं. आणि त्या घराण्याची हेलिकॉप्टरं ते लोक 1964 पासून उडवत होते. तेव्हा आज लागणारं ओझं आज उचलायला चिनूक घ्यावीत, हे मी तुमच्याइतक्याच ठामपणे म्हणेन. चार टनांहून थोडी जास्त वजनाची एम-777 तोफ ते लटकवून डोंगरावर नेतं. लेखात मी त्याला ‘अपुरं’ म्हटलं, तो शब्द चुकीचा होता. काढून टाकला आहे.

पण विषय संपत नाही, साहेब. आपल्या एमआय-26 चं काय झालं ते बघा. 20 टन उचलणारं, जगात आजही जोड नसलेलं हेलिकॉप्टर. केदारनाथच्या पुरानंतर अवजड यंत्रं वर पोचवली ती त्यानेच. ते बनतं रशियात, रोस्तोव्हला. त्याची इंजिनं युक्रेनच्या झापोरिझ्झियाची. 2014 नंतर या दोन देशांत काय झालं ते आपण पाहतोच आहोत. चिनूकचंही तसंच. ऑगस्ट 2022 मध्ये इंजिनातून इंधन गळून आगी लागल्या म्हणून अमेरिकी लष्कराने आपली सगळी चिनूक जमिनीवर ठेवली. संशय कशावर, तर गळती रोखणाऱ्या ओ-रिंगवर, एका साध्या कडीवर. त्या वेळी आपल्याकडे बसून आपण काय करू शकत होतो? पत्र लिहून माहिती मागवणं, एवढंच.

आता गिअरबॉक्सकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे आहे. पात्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाजवळ जाऊ देता येत नाही. म्हणून रोटर, म्हणजे पात्यांचं चक्र, जितका मोठा, तितका तो सावकाश फिरवावा लागतो. एमआय-26 चा रोटर 32 मीटरचा. मिनिटाला फक्त 132 फेरे. इंजिनाकडून मात्र आठ हजारांवर फेरे येतात. ताकद तीच ठेवून फेरे साठपट कमी केले की पीळ (टॉर्क) साठपट वाढतो, आणि तो सगळा गिअरच्या दातांवर येतो. त्या हेलिकॉप्टरचा नुसता मुख्य गिअरबॉक्स साडेतीन टनांच्या पुढे जातो. इंजिन एक वेळ बाहेरून आणता येईल, पण अवजड हेलिकॉप्टर जमतं की फसतं ते इथे ठरतं.

मी भोसरीत 31 वर्षं गिअर ग्राइंडिंगवर काढली. एकदा 40 गिअर्सची बॅच तयार होती. मापं मायक्रॉनमध्ये बरोबर, हार्डनेस बरोबर, दात आरशासारखे. नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलात मिसळलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये, बुडवले तर 11 गिअर्सच्या दातांवर नखाएवढे काळे डाग उमटले. ग्राइंडिंग बर्न. त्या जागी पोलाद तापून मऊ पडलं होतं, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. दोन दिवस शोधत होतो. कूलंटचा नोझल अर्ध्या बोटाने सरकला होता, बस. ड्रॉइंगवर सगळं लिहिलेलं होतं. नोझलबद्दल एक अक्षर नव्हतं. ते आमच्या ऑपरेटरला माहीत झालं, कारण त्याचे 11 गिअर भंगारात गेले.

विमानासोबत मॅन्युअल येतं. त्यात गिअर बदलायचा कसा ते असतं, करायचा कसा ते नसतं. म्हणून माझं मागणं 20 टन उचलणारं हेलिकॉप्टर उद्या उभं करा असं नाहीच. ध्रुव बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीचं, एकूण 13 टन वजनाचं मल्टी रोल हेलिकॉप्टर आखणीत आहे. त्याचा गिअरबॉक्स पूर्ण आपल्या हातचा असू द्या, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट पीळ झेलणारा गिअरबॉक्स आत्ताच टेस्ट रिगवर, म्हणजे जमिनीवरच्या चाचणी-सांगाड्यावर, चढवा. त्याला उडायची घाई नाही. तो फुटू द्या, उघडू द्या, परत चढवू द्या. मोठं फोर्जिंग करणारी भारत फोर्ज मुंढव्यात आहे, गिअर घासणारे हात भोसरी-चाकणमध्ये आहेत. चिनूकच्या खरेदीतला एक रुपयाही यासाठी कापायला नको.

पाठीवरच्या ओझ्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनात राहिलं. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही म्हटलंय, की एकदा डोझर सुटा करून वर नेला आणि जोडण्यातच दोन दिवस गेले. त्याबद्दल सविस्तर लिहाल का? युनिट नको, जागा नको. कुठला भाग सर्वात जड होता, थंडीत पिना बसवताना काय अडलं, तेवढंच. तो मजकूर जसाच्या तसा लेखाखाली जोडतो.